नागपूरहून आफ्रिकेतला दूरचा, गर्दी नसलेला सवाना (विरळ झाडांचा गवताळ प्रदेश) पाहायला जायचंय. नियोजन कसं करावं?

तुम्ही लिहिलंय की घरचे चौघं आहात, सोबत 64 वर्षांच्या आई आणि शाळेत जाणारी मुलगी आहे. ताडोबा-पेंच बरेचदा झालंय आणि आता गाड्यांच्या रांगा नसलेलं जंगल हवंय. मीही नागपूरचाच. माझं उत्तर एकच: टांझानियाच्या दक्षिणेकडचं रुआहा राष्ट्रीय उद्यान. आठवडाभरात सेरेंगेटी, गोरोंगोरो, मन्यारा उरकणारं पॅकेज घेऊ नका. त्यात निम्मा वेळ गाडीत धूळ खाण्यात जातो. एक जंगल निवडा आणि सगळे दिवस तिथेच काढा.

तिकिटं काढायच्या आधी मात्र आईंच्या लशीचं बघा. टांझानियाहून परतताना भारतात पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला मागितला जाऊ शकतो; ताजी सरकारी यादी पाहून घ्या. ही लस सरकारमान्य केंद्रातच आणि प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्यायची असते. दाखला आता जन्मभर चालतो. लागू असताना दाखला नसेल तर परतल्यावर विलगीकरणात राहावं लागू शकतं. साठी ओलांडल्यावर पहिल्यांदा ही लस घेणाऱ्यांना गंभीर दुष्परिणामांचा धोका काहीसा जास्त असतो, म्हणून आईंना आधी डॉक्टरांकडे न्या. डॉक्टर नको म्हणाले तर हट्ट नको. नामिबिया आणि बोत्स्वानातही सवाना आहे आणि तिथे पिवळा ताप नाही. फक्त जाता-येता अदिस अबाबा किंवा नैरोबीत मुक्काम पडेल असा मार्ग घेऊ नका. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारून घ्या.

आता महिना. नागपूरकराला हे फार समजावून सांगायला नको. आपण भर मे महिन्यात, 45 अंशांत ताडोब्याला का जातो? नाले आटलेले असतात, गवत खाली बसलेलं असतं आणि वाघाला पाणवठ्यावर यावंच लागतं. रुआहात हेच गणित जून ते ऑक्टोबर या कोरड्या महिन्यांत जमतं. ऑगस्टनंतर ग्रेट रुआहा नदी जागोजागी डबक्यांपुरती उरते. त्या डबक्यांत पाणघोडे आणि मगरी दाटीवाटीने पडून असतात. छोट्या नद्यांची नुसती वाळू राहते, तेव्हा हत्ती पायाने आणि सोंडेने ती उकरून खालचं पाणी काढतात. हत्ती हलले की त्याच खड्ड्यांवर इतर जनावरं येतात आणि त्यांच्या मागे सिंह. एका काठावर सकाळभर गाडी बंद करून बसलात तर हा सगळा क्रम डोळ्यांसमोर घडताना दिसतो. मला त्या जंगलात याहून मोठं काही वाटलं नाही.

मुलीच्या शाळेचं म्हणाल, तर विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे जून मोकळा मिळतो. पण तेव्हा गवत उंच असतं आणि जनावरं पांगलेली. दिवाळीची सुटी ऑक्टोबरात येत असेल तर ती उत्तम. नोव्हेंबरात गेली तर तो बेत सोडा, पाऊस सुरू होतो. जून-जुलैत गेलात तर स्वेटर न्या. तिथे तेव्हा हिवाळा असतो आणि पहाटे उघड्या गाडीत चांगलंच वाजतं.

ग्रेट रुआहा नदी मुळात बारमाही होती, हे जाण्याआधी माहीत असावं. 1993 पासून ती कोरड्या महिन्यांत वाहायची थांबू लागली. वरच्या अंगाला उसांगूच्या मैदानात भातशेतीसाठी पाणी वळवलं गेलं, ते त्यामागचं मोठं कारण. 2008 मध्ये उसांगूचा भाग उद्यानाला जोडला आणि क्षेत्र 20 हजार चौरस किलोमीटरच्या वर गेलं. आपलं ताडोबा कोअर-बफर मिळून 1,727. एवढ्या पसाऱ्यात 'सायटिंग झालं का?' हा गेटवरचा प्रश्न घेऊन फिरलात तर हिरमोड होईल. सिंह बहुधा दिसतील आणि नशीब असेल तर रानकुत्रेही. पण मोठा आणि छोटा कुडू, रोन, सेबल ही हरणं शांतपणे पाहा. गोरखचिंचेच्या अवाढव्य खोडांवर हत्तींनी ओलाव्यासाठी सोललेली साल पाहा.

जायचं कसं? दार-एस-सलामपर्यंत विमान (मुंबईहून किंवा दोहामार्गे), पुढे दोन पर्याय. छोटं विमान थेट उद्यानातल्या म्सेंबे धावपट्टीवर उतरवतं. ते महाग पडतं आणि सामान साधारण 15 किलोच चालतं, तेही मऊ बॅगेत. दुसरा पर्याय रस्त्याचा: इरिंगा शहरापर्यंत सुमारे 500 किलोमीटर, वाटेत मिकुमी उद्यानातूनच महामार्ग जातो. इरिंग्याहून पुढे साधारण 130. आई सोबत आहेत म्हणून जाताना विमान, येताना रस्ता असं करा. इरिंग्यात एक मुक्काम ठेवा. जवळच्या कालेंगा गावात जर्मनांशी लढलेल्या हेहे जमातीच्या राजा म्क्वावाची कवटी जपलेली आहे; ती 1954 मध्ये जर्मनीहून परत आली.

राहण्याची निवड करताना किमतीइतकाच पैसा कुठे जातो याचा विचार करा. उद्यानाला लागून म्बोमिपा हे 21 गावांचं वन्यजीव क्षेत्र आहे. जमीन गावांची आणि पर्यटनातला वाटा गावांना, अशी ती व्यवस्था. या पट्ट्यात सिंह गुरं मारतात आणि लोक सिंहांना मारत आले आहेत. 2009 मध्ये सुरू झालेल्या रुआहा कार्निव्होर प्रोजेक्टने गावांच्या जमिनीवर कॅमेरा ट्रॅप (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) लावले: जितके वन्यप्राणी टिपले जातील तितके गुण, आणि त्या गुणांवर गावाला शाळा, दवाखाना, गुरांचे उपचार यासाठी मदत. मला हे फार पटतं, कारण ज्याची गाय जाते त्यालाच जनावर जगवण्याचा फायदा मिळतो. म्हणून निदान काही रात्री उद्यानाबाहेर, तुंगामालेंगा गावाच्या बाजूला राहा आणि बुकिंगआधी विचारा: गाईड कुठले, स्वयंपाकी कुठले, गावाला किती जातं? स्पष्ट उत्तर मिळालं नाही तर दुसरा कॅम्प बघा.

कपड्यांत निळं आणि काळं टाळा. त्से-त्से माश्या त्या रंगांकडे येतात आणि कडकडून चावतात. जीन्स घरीच ठेवा. प्लास्टिकच्या पिशव्यांवर 2019 पासून देशात बंदी आहे, बॅगेतही नकोत. शाकाहारी असाल तर चपाती, भात, घेवड्याची उसळ आणि माठासारखी पालेभाजी मिळते. बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवा. विम्यात हवाई रुग्णवाहिका हवीच. आईंसाठी ती वगळू नका.

आणि निघण्याआधी एक सकाळ समृद्धी महामार्गाने कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्यात घालवा. साग-बांबूत जनावर शोधायची सवय असलेल्या डोळ्यांना उघड्या माळावर दूरवर नजर फिरवायला शिकावं लागतं. चौघांना चार दुर्बिणी घ्या, 8 बाय 42 च्या (आठपट मोठं दाखवणाऱ्या, 42 मिलिमीटर भिंगाच्या). एकच दुर्बीण हातोहात फिरली की बघायचं राहून जातं, आणि आधी तुमच्या मुलीचंच राहील.