वाढदिवसाला जायला नको म्हणणारी मुलगी

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला दोन वर्षांपूर्वी सिलिॲक आजाराचे निदान झाले. तेव्हापासून तिच्या आहारात ग्लुटेन, म्हणजे गव्हासारख्या धान्यांतले प्रथिन, अजिबात नाही. पोटदुखी थांबली, वजन-उंची वाढली, या आजारात रक्तात वाढणारी प्रतिद्रव्ये, म्हणजे अँटिबॉडीही आता सामान्य आहेत. मात्र गेले काही महिने ती मैत्रिणींच्या वाढदिवसाला जायला नको म्हणते. कोणी काही खायला दिले की मीच पुढे होऊन सगळे समजावून सांगते, तरी तिचा चेहरा उतरतो. अधूनमधून केकचा एखादा तुकडा दिला तर चालेल का? – एक आई

उत्तर : केकचे आधी सांगते, कारण तेथे तडजोडीला जागा नाही. गहू, बार्ली आणि राय या धान्यांतील ग्लुटेनमुळे या मुलांची रोगप्रतिकारक यंत्रणा लहान आतड्याच्या रसांकुरांवरच, म्हणजे अन्नरस शोषणाऱ्या बारीक बोटांसारख्या उंचवट्यांवरच, उलटते आणि अन्नातील सत्त्व शोषले जात नाही. रोज 50 मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेले तरी रसांकुरांना इजा होऊ शकते, आणि साध्या केकच्या तुकड्यात ते याच्या कितीतरी पट असते. पोट दुखले नाही म्हणजे आतड्याला काही झाले नाही, असेही नसते. तेव्हा पथ्य आयुष्यभराचे आणि काटेकोरच.

आपला खरा प्रश्न मात्र पुढचा आहे. अँटिबॉडी सामान्य झाल्या म्हणजे मूल सुखात आहे, असे आम्ही डॉक्टरही फार सहज धरून चालतो. नेदरलँड्समध्ये 8 ते 18 वर्षांच्या सिलिॲक मुलांसाठी एक प्रश्नावली तयार झाली आहे. तिच्यात प्रश्न अवघे 12 आणि उत्तरादाखल हसऱ्यापासून रडक्यापर्यंतचे चेहरे. कोणी ग्लुटेनचा पदार्थ पुढे केला की कसे वाटते, आजार असण्याबद्दल आणि पथ्याबद्दल काय वाटते, हे तर त्यात आहेच. पण दुसऱ्यांशी आपल्या आजाराविषयी बोलताना कसे वाटते, याला त्यात स्वतंत्र भाग दिलेला आहे. मला ते फार योग्य वाटते. ताटात काय नाही, याची मुलांना हळूहळू सवय होते. चारचौघांत आपल्याविषयी होणाऱ्या चर्चेची होत नाही.

म्हणूनच आपल्या पत्रातील ‘मीच पुढे होऊन’ या शब्दांपाशी मी थांबले. तपासणीच्या खोलीत ‘कसं चाललंय?’ असे मुलांना विचारले, की पुष्कळ मुले आधी आईच्या चेहऱ्याकडे पाहतात आणि उत्तर आईच देते. त्या उत्तरात आईची काळजीही मिसळलेली असते. अशा प्रश्नावल्यांमध्ये पालकांनी मुलांच्या वतीने दिलेली उत्तरे मुलांच्या स्वतःच्या उत्तरांपेक्षा अनेकदा अधिक निराश असतात, ती बहुधा यामुळेच. यजमानांशी आपण जरूर बोला, पण आदल्या दिवशी आणि मुलीच्या गैरहजेरीत. काय कापले जाणार आहे ते विचारून तशाच रंगारूपाचा ग्लुटेनमुक्त तुकडा स्वतंत्र डब्यातून, तिच्या स्वतःच्या चमच्यासह पाठवा, कारण एकाच सुरीने कापल्यानेही कण मिसळतात. प्रत्यक्ष वेळी बोलायचे काम तिचे. ‘मला यानं त्रास होतो, मी माझा आणलाय’ एवढे वाक्य पुरे. ते तिच्याच शब्दांत बसवून घ्या आणि घरी एकदोनदा म्हणून पाहा. तिने चुकून किंवा चोरून काही खाल्लेच, तर उलटतपासणी नको. रागावल्याने मूल ग्लुटेन टाळत नाही, सांगणे टाळते.

बाजारातील ग्लुटेनमुक्त बिस्किटांवर फार भिस्त ठेवू नये, त्यांत पुष्कळदा तंतू कमी आणि साखर-स्निग्धांश जास्त असतात.

आणखी एक. वाढदिवसाला न जाण्यामागे केक नसून मैत्रिणीशी झालेले भांडणही असू शकेल. सगळेच सिलिॲकच्या खात्यावर मांडू नका, तिलाच विचारा. ती खेळण्यापासून, शाळेपासूनही दूर राहू लागली किंवा झोप-भूक बिघडली, तर बालमानसतज्ज्ञांना दाखवावे. एरवी पुढच्या तपासणीला डॉक्टरांना तिच्याशी पाच मिनिटे एकटीशी बोलू द्या, आणि त्या वेळी आपण बाहेरच्या बाकावर बसा.