वाचक विचारतात : आधीची गोळी, नंतरची गोळी आणि मालकांची गोळी

प्रश्न : ताई, मी निपाणीजवळच्या खेड्यातली, नाव छापू नका. मालक ट्रकवर असतात, चार वर्षांमागं एचआयव्ही पॉझिटिव्ह निघाले, मी निगेटिव्ह. ते रोज गोळी घेतात. जाऊबाई मोबाईलवर बघून सांगत्यात की निगेटिव्ह माणसाला पण लागण होऊ नये म्हणून गोळी असते, शिवाय वर्षातनं दोनदा घ्यायचं इंजेक्शन पण आलंय. आम्हाला मूल पाहिजे. मी काय घेऊ?

उत्तर : वैनी, तुम्ही काय घ्यायचं ते मागनं बघू, आधी मालकांची फाईल काढा. त्यात व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात व्हायरस किती आहे त्याचा, रिपोर्ट असतो, बघा शेवटचा कधीचा आहे. सीडी फोरचा, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींचा, वेगळा, तो बघून चालत नाही. गोळी न चुकता घेऊन व्हायरस रक्तात सापडेनासा झाला आणि तसाच राहिला तर संबंधातनं तो बायकोला जात नाही. हे मी मनाचं सांगत नाही. युरोपात एक पॉझिटिव्ह एक निगेटिव्ह अशी 888 जोडपी बघितली, अंदाजे 58,000 वेळा कंडोमशिवाय संबंध आला, आणि औषधावर असलेल्या जोडीदाराकडनं एकालाही लागण झाली नाही, 2016 ला छापून आलंय. म्हणजे मालकांची गोळी हेच तुमचं औषध. पण ते दहा दहा दिवस गाडीवर, डबा घरी राहिला, मध्ये चार दिवस खाडा झाला असं होत असेल तर हा भरोसा धरू नका.

तसं असेल, किंवा रिपोर्ट जुना असेल, तर जाऊबाई सांगतात ती गोळी. तिला प्रेप म्हणतात, टेनोफोविर आणि एमट्रिसिटाबिन एकाच गोळीत, रोज एक. चालू करायच्या आधी तुमची स्वतःची एचआयव्ही टेस्ट लागतेच, कारण आत लागण असताना नुसती ही दोन औषधं घेतली तर व्हायरस त्यांना सरावतो आणि पुढं उपचाराला अडचण होते. किडनीसाठी क्रिएटिनिन, हेपॅटायटिस बी, हे पण बघतात, आणि दर तीन महिन्यांनी परत टेस्ट. पहिल्या दिवसापासनं संरक्षण मिळत नाही, बायकांना तर काही दिवस सलग घ्यावी लागते, मूल हवंय हे डॉक्टरांना उघड सांगून तारखा ठरवा, दिवस राहिले तरी ही गोळी चालते. गरमी, परमा मात्र या गोळीनं थांबत नाहीत.

इंजेक्शनचं पण खरंच आहे, लेनाकापाविर. दक्षिण आफ्रिका आणि युगांडात ते घेतलेल्या 2,134 मुली-बायकांत एकीलाही लागण झाली नाही, अमेरिकेनं जून 2025 मध्ये मंजुरी दिली. पण त्याची वाट बघत बसू नका, तुमचं काम फाईलमधल्या रिपोर्टनं आजच होईल.

प्रश्न : गेल्या महिन्यात कंडोम फाटला. समोरच्याचं माहीत नाही. आता गोळी घेऊन चालेल काय? – खानापूर तालुका

उत्तर : नाही भावा, वेळ गेली. संबंधानंतर लागण टाळायला घ्यायच्या त्या गोळीला पेप म्हणतात, 72 तासांच्या आत चालू करायची, तेवढे तास पण थांबायचं नाही, जितकी लवकर तितकी चांगली, आणि मग 28 दिवस. आपल्याकडं काय होतं, ओळखीचं कोण बघेल म्हणून निपाणीचा माणूस कोल्हापूरला जातो आणि कोल्हापूरचा बेळगावला येतो, मध्ये रविवार आला की ओपीडी बंद म्हणून सोमवार. अहो, कॅज्युअल्टी रविवारी पण चालू असते की! मासिकाला पत्र लिहायचं ते त्यानंतर.

आता टेस्ट करा, सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या टेस्ट आणि सल्ल्याच्या केंद्रात, फुकट होते. निगेटिव्ह आली तरी त्या दिवसापासनं तीन महिने भरले की परत करा, तोवर कंडोम सोडू नका आणि रक्तदान करू नका. नाव फुटेल ही भीती असेल तर एचआयव्हीवरचा 2017 चा कायदा आहे, तुमच्या संमतीशिवाय टेस्ट नाही आणि रिपोर्ट दुसऱ्याला सांगायचा नाही. जायच्या आधी कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारी एड्स हेल्पलाइन 1097 लावा, पैसे पडत नाहीत.