वाचकांचे प्रश्न : कारखाना येतोय, तयारी काय करायची?

बेळगाव जिल्ह्यात हत्तरगीला विमानाचे सुटे भाग बनतात, उद्यमबाग आणि मच्छेत फाउंड्री आणि मशीन शॉप आहेत, हद्दीपलीकडे महाराष्ट्रात शिनोळी आणि कागल आहे. नवीन युनिट येणार अशी बातमी आली की आमच्याकडची पत्रं वाढतात. त्यातले निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : मुलाने आयटीआयमधून टर्नर ट्रेड केला आहे. सहा महिन्यांत जवळच नवीन मशीन शॉप सुरू होणार आहे. तोपर्यंत कोणता कोर्स लावावा? (हुक्केरी तालुका)

कोर्सच्या आधी मोजमाप पक्कं करून घ्या. टर्नरच्या ट्रायलला बहुतेक ठिकाणी पहिल्यांदा ड्रॉईंग, व्हर्नियर आणि मायक्रोमीटर हातात देतात. पोरं मशीनवर चढायच्या आधी इथेच गळतात. साध्या व्हर्नियरचा लीस्ट काउंट (मोजता येणारं सर्वांत लहान माप) 0.02 मिमी, साध्या मायक्रोमीटरचा 0.01. ड्रॉईंगवर बोअर (आतलं भोक) 25 एच7 लिहिलेलं असेल तर तो 25.000 ते 25.021 मिमीच्या आत बसला पाहिजे. म्हणजे व्हर्नियरने तो पास करताच येत नाही. त्याला बोअर गेज किंवा गो-नोगो प्लग गेज लागतो. कोणतं माप कोणत्या हत्याराने घ्यायचं हे सांगता आलं तरी समोरचा सुपरवायझर खुर्चीत सरसावून बसतो.

गरम जॉब (मशीनवर बनत असलेला भाग) मोजायची सवय सोडायला सांगा. 100 मिमीचा ॲल्युमिनियमचा जॉब खोलीपेक्षा 20 अंशांनी गरम असेल तर माप सुमारे 0.046 मिमी जास्त येतं. स्टीलमध्ये हा फरक त्याच्या निम्मा पडतो. मशीनवर ओके दिसलेला जॉब थंड झाल्यावर तपासणीत अंडरसाईज (मापापेक्षा लहान) निघतो आणि दोष ऑपरेटरवर येतो.

सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) लेथवर नवख्याची ठरलेली चूक वेअर ऑफसेटमध्ये, म्हणजे माप सुधारायला मशीनला द्यायच्या आकड्यात होते. शाफ्ट 40.00 हवा होता, आला 40.04. साध्या लेथवर कट त्रिज्येत द्यायची सवय असल्यामुळे मुलगा 0.02 टाकतो. सीएनसीवर एक्स (टूल आत-बाहेर सरकण्याचं माप) बहुधा व्यासात चालतो, म्हणून तिथे उणे 0.04 टाकायचे. बोअर 0.04 ने लहान आला तर अधिक 0.04. चिन्ह उलटं पडलं की पुढचा जॉब स्क्रॅप.

आपल्या भागात कास्टिंगचं मशिनिंग भरपूर आहे, म्हणून एवढं जास्तीचं. कास्टिंगची वरची साल कडक असते आणि तिच्यात वाळू अडकलेली असते. पहिला कट भीत भीत बारीक घेतला तर इन्सर्ट (टूलची कापणारी टिकली) सालीवर घासून लगेच बोथट होतो. पहिला कट सालीच्या खालून गेला पाहिजे. सीएनएमजी 120408 या इन्सर्टच्या नावातल्या शेवटच्या 08 चा अर्थ नोज रेडियस (टोकाची गोलाई) 0.8 मिमी, हेही त्याला माहीत असू द्या. ट्रायलला विचारतात.

एवढं हाताला बसलं की मग बेळगावच्या जीटीटीसीसारख्या (सरकारी टूल रूम आणि प्रशिक्षण केंद्र) ठिकाणचा सीएनसीचा छोटा कोर्स उपयोगी पडतो. आधी केला तर नुसतं प्रमाणपत्र हातात येतं. अप्रेंटिस म्हणून घेतलं तर करार सरकारी पोर्टलवर नोंदवला आहे ना ते पाहा. अप्रेंटिसला पीएफ नाही, ईएसआय (कामगार राज्य विमा) नाही, आणि मुदत संपल्यावर कायम करण्याचं बंधन कंपनीवर नसतं. करारात तसं लिहिलेलं असेल तरच ते लागू होतं.

प्रश्न : मुलगी मराठी माध्यमातून दहावी झाली. कर्नाटकात आता खासगी कंपन्यांतही कन्नड सक्तीचं झालं म्हणतात. खरं काय? (खानापूर)

खासगी नोकरीसाठी तसा कायदा झालेला नाही. जुलै 2024 मध्ये स्थानिकांच्या आरक्षणाचं विधेयक मंत्रिमंडळाने मंजूर केलं आणि टीका झाल्यावर लगेच थांबवून ठेवलं. त्यात ‘स्थानिक’ म्हणजे कर्नाटकात जन्म, 15 वर्षं वास्तव्य आणि कन्नड बोलता-लिहिता-वाचता येणं अशी व्याख्या होती. दहावीला कन्नड विषय नसेल तर कन्नडची परीक्षा द्यावी लागणार होती. मुलीच्या एसएसएलसीच्या (कर्नाटकातली दहावी) गुणपत्रिकेवर कन्नड हा विषय असेल तर ती गुणपत्रिका आणि वास्तव्याचा दाखला जपून ठेवा. विधेयक पुन्हा आलं तरी तिला अडचण येऊ नये.

कामावर मात्र कन्नड वाचता आलेलं बरं. केमिकलच्या ड्रमवरच्या आणि मशीनवरच्या सूचना बऱ्याचदा कन्नड आणि इंग्रजीतच असतात. तिथे अंदाजाने चालत नाही.

प्रश्न : मी शिनोळीत कामाला आहे. मच्छेत तेवढ्याच पगारावर नोकरी मिळते आहे. राज्य बदललं की पीएफ-ईएसआयचं काय होतं? हातात कमी पडेल का? (बेळगाव तालुका)

पीएफ आणि ईएसआय केंद्राचे, हद्द ओलांडल्याने त्यात काहीच बदलत नाही. बदलतो तो व्यवसाय कर, आणि किमान वेतन, कारण ते प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं. समजा एकूण पगार 18,000, त्यात बेसिक आणि डीए 15,000. पीएफ बेसिक-डीएवर 12 टक्क्यांनी 1,800 आणि ईएसआय, एकूण पगारावर धरला तर, 0.75 टक्क्याने 135 कापतात. महाराष्ट्रात पुरुष कामगाराचा पगार 10,000 च्या वर गेला की महिन्याला 200 रुपये व्यवसाय कर लागतो, कर्नाटकात 25,000 पर्यंत तो लागत नाही. म्हणजे शिनोळीत हातात 15,865, मच्छेत 16,065. पेट्रोलचा हिशेब तुमचा तुम्ही घाला.

गोंधळ होतो तो नंबरचा. नवी कंपनी घाईत नवा यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) आणि नवा ईएसआय नंबर काढते. पहिल्याच दिवशी जुने दोन्ही नंबर लिहून द्या. ईएसआयमध्ये आजारपणाचा भत्ता मिळायला त्याआधीच्या वर्गणीच्या सहामाहीत 78 दिवसांची वर्गणी लागते. नंबर दोन झाले की दिवसही दोन ठिकाणी विभागले जातात आणि क्लेम अडकतो. कामावर झालेल्या अपघाताला ही 78 दिवसांची अट नाही.

नोकरी सोडली म्हणून पीएफ काढून घेऊ नका, ट्रान्सफर करा. पेन्शनला एकूण 10 वर्षांची सेवा लागते आणि पेन्शनचा हिस्सा काढला की मागची सेवा पुसली जाते.

नावाचीही आधीच व्यवस्था करा. कर्नाटकातल्या गुणपत्रिकेवर बऱ्याचदा नाव, मग वडिलांच्या नावाचं आद्याक्षर, असं असतं. महाराष्ट्रातल्या कंपनीत बऱ्याचदा आडनाव आधी लिहितात. आधार, बँक आणि पीएफ या तिन्हींत नाव अक्षर न् अक्षर सारखं नसेल तर केवायसी परत येतं. दुरुस्ती जुनी नोकरी चालू असतानाच करून घेतलेली सोपी, कारण त्यासाठी बऱ्याचदा त्याच कंपनीची मंजुरी लागते.

प्रश्न : कंपनीत लावून देतो म्हणून एक माणूस 20,000 मागतो. द्यावेत का? (निपाणी)

नाही. ठेकेदाराकडून लागत असलात तरी नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांप्रमाणे नेमणूक पत्र देणं मालकाला बंधनकारक आहे. ते मागा. ‘नंतर देतो’ म्हणणाऱ्याकडे थांबू नका.

प्रश्न : वायर हार्नेसच्या (वायरींचे जुडगे बांधण्याच्या) युनिटमध्ये बायकांना घेणार आहेत, पण पाळी रात्रीची आहे. नकार दिला तर काढतील का? (चिकोडी तालुका)

रात्रीच्या पाळीला बाईची लेखी संमती लागते आणि घरापासून ने-आण करण्याची जबाबदारी कंपनीची. संमतीचा कागद नेमणुकीच्या इतर कागदांत सरकवून सही घेतात, म्हणून वाचून सही करा. गाडी गावच्या स्टँडपर्यंत येणार की दारापर्यंत, हे आधी विचारून घ्या. भांडणं तिथूनच सुरू होतात. 50 किंवा जास्त कामगार असतील तर पाळणाघराची सोय हवी. बाळंतपणाच्या लाभासाठी आधीच्या दोन सहामाहींत मिळून 70 दिवसांची ईएसआय वर्गणी हवी, म्हणून मधे खंड पडू देऊ नका.

प्रश्न : माझ्याकडे दोन लेथ आहेत. नव्या कंपनीचं जॉबवर्क घ्यायचं आहे, शिनोळीतूनही काम येतं. काय सांभाळायचं? (बेळगाव)

उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) करून घ्या, फुकट होते. ती असेल तर माल स्वीकारल्यापासून 15 दिवसांत, आणि लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं. कंपनीचा 90 दिवसांचा छापील करार पुढे आला तर त्यातही 45 च्या पुढचे दिवस कायद्याने चालत नाहीत.

रेट ठरवताना सेटिंगचा वेळ धरायला बहुतेकजण विसरतात. एका सेटिंगला दोन तास गेले आणि लॉट 20 जॉबचा असेल तर प्रत्येक जॉबवर 6 मिनिटं आधीच चढली. लहान लॉटचा रेट मोठ्या लॉटच्या रेटने दिला की महिनाअखेर हातात काही राहत नाही. रिजेक्शन कोणाच्या माथी, हे पीओवर (कंपनीच्या खरेदी ऑर्डरवर) लिहून घ्या. कास्टिंगच्या आत ब्लोहोल (हवेची पोकळी) निघाला तर तो फाउंड्रीचा दोष, माप चुकलं तर तुमचा. यासाठी प्रत्येक लॉटचा पहिला जॉब सगळी मापं लिहून तपासून घ्या आणि त्या कागदावर त्यांची सही घ्या.

हद्दीचा मुद्दा : शिनोळीच्या कंपनीने तुमच्याकडे कर्नाटकात माल पाठवला की मालाची किंमत कितीही कमी असली तरी ई-वे बिल (जीएसटीतला माल वाहतुकीचा ऑनलाइन परवाना) लागतं. राज्यातल्या राज्यात कमी किमतीच्या मालाला मिळणारी सूट इथे चालत नाही. टेम्पोत डिलिव्हरी चलन आणि ई-वे बिल दोन्ही ठेवा. परत पाठवतानाही दोन्ही ठेवलेली बरी. आणि चलनावर नग आणि वजन दोन्ही लिहून घ्या, कारण बुरादा (कातून निघणारा धातूचा चुरा) उतरल्यावर परत जाणारं वजन कमीच भरणार आणि नुसतं वजन लिहिलेलं असेल तर माल कमी आला म्हणून बिल अडवतात.