चंद्रावरचा कारखाना आणि त्याची 'जीवनसत्त्वं'

प्रश्न : स्वतःसारखीच यंत्रं घडवणारे यंत्रमानव चंद्रावर पाठवले, की पुढे पृथ्वीवरून काहीच न्यावं लागणार नाही, असं वाचलं. हे खरं मानायचं का?

उत्तर : 'काहीच नाही' हे सोडलं, तर बाकी विचार भक्कम आहे. १९८० साली नासाच्या अभ्यासगटाने १०० टनांच्या 'बीज कारखान्या'चा आराखडा केला होता. चंद्रावरची माती वापरून त्याने वर्षभरात आपल्यासारखाच दुसरा कारखाना उभारायचा.

त्या मातीत वजनाने ४० टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन असतो, शिवाय सिलिकॉन, लोखंड, अ‍ॅल्युमिनियम. सुमारे १६०० अंशांना ती वितळवून वीज सोडली, की एकीकडे ऑक्सिजन सुटतो, दुसरीकडे धातू साचतो. सांगाडे, पत्रे, तारा यांची सोय झाली.

घोडं अडतं ते लहान वस्तूंपाशी. साधं बेअरिंग घ्या. त्याच्या पोलादात सुमारे १ टक्का कार्बन लागतो. चंद्रावरच्या मातीत कार्बन दहा लाख भागांत जेमतेम शंभर. म्हणजे किलोभर पोलादाच्या १० ग्रॅम कार्बनसाठी निदान १०० किलो माती भाजायची! छर्‍यांची गोलाई मायक्रॉनमध्ये राखायची, तर ग्राइंडिंग मशीन आणि मापनाची उपकरणंही तिथेच घडवावी लागतील. साधं ग्रीस निर्वातात उडून जातं, आणि काचेसारखी धारदार धूळ सील झिजवते.

म्हणून बेअरिंग, चिप असे भाग इथूनच न्यायचे. त्यांना 'जीवनसत्त्वं' म्हणतात. समजा, वजनाच्या ४ टक्के भाग असे आहेत. एका कारखान्यापासून सुरुवात करून संख्या पाच वेळा दुप्पट झाल्यावर ३१ नवे कारखाने, म्हणजे ३,१०० टन यंत्रसामग्री उभी राहते. पृथ्वीवरून जातात १२४ टन. एवढी बचत होत असताना उरलेल्या ४ टक्क्यांसाठी चंद्रावर चिपचा कारखाना काढण्यात अर्थ नाही.

प्रश्न : पृथ्वीवर असं यंत्र झालंय का?

उत्तर : अर्धंमुर्धं. बाथ विद्यापीठातल्या एड्रियन बोयर यांच्या 'रेपरॅप' या त्रिमितीय प्रिंटरने २००८ मध्ये स्वतःचे प्लॅस्टिकचे भाग छापले. मोटारी, दांडे, सर्किट विकत आणलेले, आणि जोडणी माणसाच्या हातची.

अशा यंत्रात एक खोड हमखास निघते. मूळ प्रिंटरचा काटकोन जरासा चुकला असेल, तर छापलेला प्रत्येक भाग तितकाच तिरका येतो आणि पुढच्या पिढीत चूक वाढत जाते. म्हणून प्रत्येक पिढीचे भाग आधीच्या पिढीशी ताडून पाहायचे नाहीत. चंद्रावर ते पृथ्वीवरून नेलेल्या एकाच मूळ गेजवर, म्हणजे अचूक मापाच्या नमुन्यावर तपासायचे.