नाशिकच्या घरातली लँडलाइन: काढावी, बदलावी की तशीच ठेवावी?

प्रश्न थोडक्यात असा: आई-वडील (७० आणि ७४) नाशिकला, मुलगी पुण्यात. घरी तांब्याच्या तारेवरची बीएसएनएलची जुनी लँडलाइन, भाडे २७५ रुपये अधिक जीएसटी. घरी इंटरनेट नाही. दोघांच्या मोबाइलवर २८ दिवसांचे ३४९ रुपयांचे डेटा पॅक. समोर तीन पर्याय आलेत: खासगी फायबर ३९९ अधिक जीएसटी, कॉल मोफत पण नंबर नवा, बीएसएनएलचेच फायबर ४४९ अधिक जीएसटी, नंबर तोच, आणि "इंटरनेटवरून फोन" देणारी एक डबी, तीन वर्षांचे एकरकमी ४,९९९ रुपये. कोणता घ्यावा?

तिसरा पर्याय आधी बाजूला काढू. ४,९९९ म्हणजे महिन्याला १३९ रुपये, ऐकायला झकास. पण ती डबी चालायला घरी आधी ब्रॉडबँड लागते आणि तुमच्याकडे ते नाही. म्हणजे १३९ रुपये फायबरच्या बिलावर वरून पडणार. फायबरच्या प्लॅनमध्ये कॉल आधीच मोफत असतील तर एकाच गोष्टीचे दोनदा पैसे. शिवाय तीन वर्षांचे पैसे आगाऊ देणे म्हणजे विक्रेत्याला बिनव्याजी कर्ज देणे, आणि सेवा मध्येच बंद पडली तर वसुली तुमच्या डोक्यावर. देशात इंटरनेटवरून साध्या नंबरांना फोन लावून देण्याची सेवा परवानाधारक दूरसंचार कंपनीच देऊ शकते. विक्रेत्याला परवाना कोणाचा ते विचारा. उत्तर गुळमुळीत आले तर विषय संपला.

आता उरलेल्या दोघांचा हिशेब. तो फोनच्या बिलापुरता करू नका, घरातल्या सगळ्या रिचार्जांचा करा. लँडलाइन जीएसटीसह ३२४.५० रुपये, वर्षाला ३,८९४. मोबाइलचे पॅक २८ दिवसांचे असल्याने वर्षात १२ नव्हे, १३ रिचार्ज लागतात: एका फोनचे ४,५३७, दोघांचे ९,०७४. आजचा एकूण खर्च १२,९६८ रुपये.

फायबर आल्यावर घरात वायफाय आले, मग मोबाइलवरचा डेटा कशाला? ट्राय या दूरसंचार नियामकाच्या आदेशानंतर जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांनी फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक आणले. एअरटेलचा ३६५ दिवसांचा पॅक तेव्हा १,८४९ रुपयांचा होता (आजचा दर पाहून घ्या). दोन्ही फोन अशा पॅकवर नेले की कागदावर घसघशीत बचत दिसते. पण वडील भाजी-औषधांचे पैसे यूपीआयने देत असतील तर मंडईत डेटा लागणारच. *९९# डायल करून इंटरनेटशिवाय पैसे जातात खरे, पण चौऱ्याहत्तराव्या वर्षी, मागे रांग उभी असताना, तो खटाटोप त्यांच्या गळी उतरवू नका. त्यांचा पॅक राहू द्या, आईंचा बदला.

खासगी फायबर ४७०.८२ दराने वर्षाला ५,६५०, त्यात ४,५३७ आणि १,८४९ मिळवले की १२,०३६. बीएसएनएल फायबर ५२९.८२ दराने ६,३५८, एकूण १२,७४४. म्हणजे दोन्हींत आजच्यापेक्षा किंचित कमी खर्चात घरी इंटरनेट येते. बचतीसाठी हा बदल करू नका. तेवढ्याच पैशात जास्त मिळते, म्हणून करा.

दोन फायबरमधला फरक वर्षाला ७०८ रुपये. ती जुन्या नंबरची किंमत. आपल्याकडे मोबाइल नंबर कंपनी बदलूनही ठेवता येतो, लँडलाइनचा नाही. बीएसएनएलकडून बीएसएनएलच्याच फायबरवर जाताना नंबर टिकवता येतो, तोही तांत्रिक शक्यता असेल तरच, आणि हे अर्ज करतानाच लेखी विचारा. तो नंबर डॉक्टरांच्या फाइलवर, बँकेत, पॉलिसीवर, साऱ्या नातेवाइकांच्या वहीत आहे. माझ्या मते ७०८ रुपये द्यावेत. मात्र बीएसएनएलचे फायबर बऱ्याच ठिकाणी स्थानिक केबलचालक भागीदार म्हणून जोडून देतो आणि दुरुस्तीलाही तोच येतो. त्याच इमारतीतल्या दोन घरी विचारा: तार तुटली तर किती दिवसांत येतो? उत्तर "आठवडा" असेल तर नंबराचा मोह सोडा.

पैशांपेक्षा मोठी गोष्ट विजेची. तांब्याच्या तारेतला फोन एक्स्चेंजच्या ४८ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो, म्हणून दिवे गेले तरी वाजतो. फायबरचा फोन घरातल्या ओएनटी नावाच्या, फायबरची तार जिला जोडतात त्या डबीवर अवलंबून असतो. वीज गेली की डबी बंद, फोन मुका. घरी इन्व्हर्टर असेल तर ओएनटीचा प्लग त्याच्याच लाइनवर घ्या. नसेल तर राउटरसाठीचा छोटा यूपीएस, साधारण हजार ते दोन हजार रुपये. घेण्याआधी ओएनटीच्या अडॅप्टरवरचे आकडे वाचा. १२ व्होल्टच्या डबीला ९ व्होल्टचा यूपीएस चालत नाही. खोक्यावर १०,००० एमएएच लिहिलेले असते, पण ते बहुधा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचे, म्हणजे ३७ वॅट-तास. डबी १० वॅट खात असेल तर तीन तास, दिवसभर नव्हे. यूपीएस धरला तर पहिल्या वर्षी थोडे अंगावर पडेल, ते मान्य करा.

कॉर्डलेस फोनच्या तळालाही वीज लागते, म्हणून वायरचा साधा फोन ठेवा. गोल चकतीचा जुना फोन बऱ्याच ओएनटींवर डायल करत नाही. फोनची वायर ओएनटीच्या आरजे-११ खाचेत जाते. "लँडलाइन मिळेल" म्हणून सांगून काही जण फक्त मोबाइल अॅप देतात, तेव्हा ती खाच आहे का ते बघा. बेडरूममधला समांतर फोन चालवायचा असेल तर बाहेरून येणारी तांब्याच्या तारांची जुनी जोडी आधी सोडवून घ्या. नाहीतर एक्स्चेंजचे ४८ व्होल्ट उलटे ओएनटीत शिरतात आणि खाच जळू शकते.

स्पीडवर जास्त खर्च करू नका. एका कॉलला १०० केबीपीएससुद्धा पुरतात, ३० एमबीपीएसचा प्लॅन भरपूर झाला. आवाज तुटतो तो बहुधा वायफायवरच्या अॅपमध्ये, वायरच्या फोनवर कमी. व्हॉट्सअॅपच्या भरवशावर लँडलाइन मोडीत काढायचा विचार तर नकोच, त्यावरून ११२ हा आपत्कालीन नंबर लागत नाही. मोबाइलला फोन लावताना आधी शून्य लावण्याचा जानेवारी २०२१ पासूनचा नियम फायबरच्या फोनलाही आहे.

क्रम असा ठेवा: खासगी कंपनी निवडली तर जुनी लाइन लगेच बंद करू नका. महिनाभर दोन्ही चालू द्या, ३२५ रुपये जास्तीचे गेले तरी चालतील. त्या महिन्यात एकदा मुद्दाम मेन स्विच बंद करून आईंना तुम्हाला फोन लावायला सांगा. बारा महिने भरा-तेरा वापरा अशी सूट असेल तर ती तीन महिन्यांनंतर घ्या, पहिल्याच दिवशी नको. बँक आणि पॉलिसीतला नंबर बदलून झाल्यावरच जुनी लाइन बंद करण्याचा अर्ज द्या, त्याची पोच घ्या आणि जोडणीच्या वेळी भरलेली अनामत त्याच अर्जात परत मागा. पावती सापडली नाही तर जुन्या बिलावर अनामतीचा रकाना असतो, तो बघा.