पिंगुळीला जाताय, तर एवढं कराच

पिंगुळीच्या चित्रकथीचा, म्हणजे चित्रं दाखवत गाऊन कथा सांगण्याच्या कलेचा, अभ्यास करायचं ठरवलंत, फार बरं वाटलं. कुडाळजवळच्या या गावात ठाकर समाजातल्या कलावंतांकडे चित्रांच्या पोथ्या, म्हणजे चित्रांचे संच, आहेत. एका पोथीत एक आख्यान. म्हणून एखादं देखणं चित्र टिपून थांबू नका. पोथीतला क्रम नोंदवा, चित्राच्या दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, कागद, रंग, डागडुजी सगळं लिहून ठेवा. आणि गाणं ध्वनिमुद्रित कराच! कलावंत चित्र दाखवत गातो, मध्येच कथा सांगतो. ते नुसत्या फोटोतून कधीच कळणार नाही. पुण्याच्या केळकर संग्रहालयातली चित्रंही पाहून घ्या. कलावंताचं मानधन तुमच्या खर्चात आधीच धरायला हवं, हे माझं ठाम मत. ध्वनिमुद्रणाची एक प्रत त्यांच्या घरी पोचवा. लेखात नाव द्यायचं तर विचारून द्या.