घास कोण मोजतंय?

दिवस आखडायला लागले की या सदराच्या टपालाचा सूर बदलतो. उन्हाळ्यात पत्रं येतात ती पोरं घरात थांबत नाहीत म्हणून, पानगळीत येतात ती पोरं जेवत नाहीत म्हणून. या महिन्यात चार पत्रं घेतली आहेत. पहिल्याला जागा जास्त दिली आहे, कारण तसलीच आणखी बरीच माझ्या टेबलावर पडून आहेत.

प्रश्न : ताई, माझी मुलगी अडीच वर्षांची आहे. उन्हाळ्यात छान जेवायची. आता साडेसातला जेवायला बसवलं की रडायला लागते, दोन घास खाते आणि उठते. मी वाटी घेऊन मागे फिरते, मोबाइल दाखवून भरवते. सासूबाई म्हणतात, उपाशी झोपवू नकोस, निदान दूध तरी दे. म्हणून रात्री बाटलीभर दूध देते, सकाळी आणि दुपारी आहेच. डॉक्टर म्हणतात वजन ठीक आहे. पण ती जेवत नाही त्याचं काय?

उत्तर : डॉक्टर म्हणतात वजन ठीक आहे. हे वाक्य तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंत, मी ते सगळ्यात आधी घेते. पहिल्या वर्षात बाळाचं वजन साधारण तिप्पट होतं. दोन वर्षांनंतर मूल वर्षाकाठी जेमतेम दोन किलोंनी वाढतं. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरणारच. आई मात्र पहिल्या वर्षातला घास डोळ्यांसमोर ठेवून वाटी भरत राहते.

आता उन्हाळ्याचं. २२-२३ सप्टेंबरला दिवस आणि रात्र जवळपास सारखे होतात, आणि नेमक्या याच सुमारास उत्तर गोलार्धात दिवस सगळ्यात झपाट्याने लहान होतो. तुमचं घड्याळ तेच साडेसात दाखवतं, पण लेकीच्या अंगात रात्र आधीच सुरू झालेली असते. तुम्ही भुकेलं मूल नाही, पेंगुळलेलं मूल जेवायला बसवताय. तिचं जेवण सहाच्या आसपास आणा. सगळ्या घराला त्या वेळी जमणार नाही, जमायची गरजही नाही. तुम्ही नंतर जेवायला बसाल तेव्हा ती जागी असेल तर तिला मांडीवर घ्या, तुमच्या ताटातलं काही मागितलं तर द्या, नाही मागितलं तर विषय काढू नका.

दुसरं, दूध. तुम्ही लिहिलेल्या तीन बाटल्या मिळून दिवसाला अर्धा लिटरच्या वर सहज जात असतील. या वयात साधारण तेवढंच पुरे. त्यापलीकडे दूध पोट भरतं आणि जेवणाची जागा खातं. शिवाय दुधात लोह नगण्य असतं, त्यामुळे दुधावर वाढणारी मुलं गुटगुटीत दिसूनही रक्ताला कमी असू शकतात. बाटली बंद करा, पेल्यातून द्या, जेवणानंतर द्या. झोपेत बाटली तोंडात राहिली तर दातही किडतात.

तिसरं, मागे फिरणं. १९९१ साली अमेरिकेत दोन ते पाच वर्षांच्या १५ मुलांचं खाणं सहा दिवस मोजलं गेलं. एकेका जेवणाला मुलं वाटेल तसं कमीजास्त खात होती, पण चोवीस तासांची बेरीज त्या मानाने फारशी हलत नव्हती. रात्री दोन घासांवर उठणारी मुलगी सकाळी भरपाई करते, फक्त ते आपण मोजत नाही. आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी कामाची जी वाटणी सांगितली ती मला पटते: काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती हे मुलाने. तेव्हा ताटात तिच्या ओळखीचं एक तरी असू द्या, बाकी तुम्ही जेवता तेच. वीस मिनिटांनी ताट उचला. चेहरा पाडू नका, शाबासकीही देऊ नका. आणि मग झोपेपर्यंत बिस्किटाचा डबा वर ठेवा, हे फार महत्त्वाचं. नवी भाजी दहा-पंधरा वेळा समोर आल्यावर मुलं तोंडात घालतात. बहुतेक घरं तिसऱ्या वेळेलाच हात टेकतात.

मोबाइल? बंद. यावर जास्त लिहीत नाही, तुम्हाला ठाऊक आहे.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना नातीची काळजी आहे आणि त्या काळजीला काहीतरी काम हवं. सहाच्या जेवणाला तिच्याबरोबर बसून स्वतः दोन घास खायचं काम त्यांच्याकडे द्या. भरवायचं नाही, फक्त सोबत जेवायचं. मुलं भरवणाऱ्या हातापेक्षा चावणाऱ्या तोंडाकडे जास्त बघतात.

वजन उतरू लागलं, घास अडकून वरचेवर ठसका लागला, मुलगी पांढुरकी आणि मलूल दिसू लागली किंवा आवडीचे पदार्थ गळत गळत चार-पाचच उरले, तर पुन्हा डॉक्टरांकडे जा. एरवी नको.

प्रश्न : आमचा मुलगा दीड वर्षाचा. हंगाम आहे म्हणून रोज भोपळ्याचं सूप, गाजर, रताळं चालू आहे आणि तो मिटक्या मारत खातो. गेल्या आठवड्यात लक्षात आलं की त्याचे तळहात, तळपाय आणि नाकाचा शेंडा पिवळा झालाय. कावीळ तर नसेल? बायको म्हणते तुम्ही उगाच घाबरता. (एक बाबा)

उत्तर : घाबरलात ते बरं झालं, पण आधी खिडकीपाशी नेऊन दिवसाच्या उजेडात त्याचे डोळे बघा. बुबुळाभोवतीचा भाग पांढराशुभ्र असेल, लघवी नेहमीसारखी फिकी आणि शी नेहमीच्या रंगाची असेल, तर हा भोपळ्याचा प्रताप. डोळे पिवळे, लघवी गडद किंवा शी पांढरट असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

भोपळा, गाजर आणि केशरी रताळं यांत बीटा कॅरोटिन असतं. भाजी शिजवून, घोटून, वर थोडं तूप किंवा लोणी घातलं की ते जास्त शोषलं जातं, म्हणजे तुमचं सूप उत्तम होतंय. जादा झालेलं त्वचेत साठतं, आणि जिथे कातडी जाड तिथे आधी दिसतं. शरीर त्यातून लागेल तेवढंच अ जीवनसत्त्व बनवतं, त्यामुळे विषबाधा होत नाही. प्रमाण कमी केलं की काही आठवड्यांत, कधी दोन-तीन महिन्यांत रंग उतरतो. रोजच्याऐवजी आठवड्यातून दोन-तीनदा द्या, मधल्या दिवशी फुलकोबी, वाटाणा, पालेभाजी असू द्या. पुढच्या तपासणीला डॉक्टरांच्या कानावर घाला म्हणजे बायकोचं आणि तुमचं दोघांचंही समाधान होईल.

जाता जाता: भोपळा पाण्यात उकडू नका, बेचव होतो. जाड बुडाच्या भांड्यात, झाकण ठेवून, मंद आचेवर स्वतःच्या पाण्यात शिजू द्या. ओव्हन असेल तर सालासकट मोठ्या फाका २०० अंशांवर पाऊण तास भाजा. कडा काळपट झाल्या की गोडवा उतरतो, मग सुपात साखर घालायचा मोह होत नाही.

प्रश्न : नातू चार वर्षांचा. बाहेर अंधार लवकर पडतो, त्यामुळे संध्याकाळी तो माझ्याबरोबर स्वयंपाकघरात लुडबुडतो. सूनबाईंना पसारा नको असतो. आजोबा-नातवाने काय करावं?

उत्तर : पसारा तुम्ही आवरणार असाल तर सूनबाईंची तक्रार निम्मी संपते, हे आधी बोलून घ्या, आजोबा. नातवाला शेंगा सोलायला द्या, पालेभाजी निवडायला, भाज्या धुवायला, गार पीठ कालवायला. पाण्याशी मुलं अर्धा तास रमतात आणि भाजीही खरोखर स्वच्छ होते. स्टूल डगमगणारं नको, भांड्यांचे दांडे आतल्या बाजूला वळवलेले हवेत, आणि तेल तापलं की तो ओट्यापासून लांब. काम करता करता मुलं तोंड चालवतातच, म्हणून पाच वर्षांपर्यंत अख्खे दाणे आणि सुकामेवा, कच्च्या गाजराच्या चकत्या, अख्खी द्राक्षं हाताशी ठेवू नका. द्राक्षाचे उभे चार तुकडे करा. दाण्यांचं कूट चालेल.

प्रश्न : सर्दीत दूध दिल्याने कफ वाढतो का? खोकल्याला मध द्यावा का?

उत्तर : दुधाने कफ वाढत नाही. लाळेत मिसळून ते घशाशी दाट लागतं एवढंच. पाळणाघरात जाणाऱ्या मुलाला वर्षात सहा-आठ सर्द्या होणं सर्वसाधारण आहे, आणि त्या दिवसांत जेवण निम्म्यावर येतं. तेव्हा पाणी, पातळ सूप, मऊ भात द्या, आग्रह नको. मध झोपण्याआधी अर्धा चमचा द्या, रात्रीचा खोकला थोडा हलका होतो, पण फक्त एक वर्षावरच्या मुलाला. त्याखालच्या बाळाला चाटवायचाही नाही, कारण मधातले काही जिवाणू त्याच्या आतड्यात वाढून विष तयार करू शकतात.